'छान आहे' म्हणून पुढे जाणाऱ्यांचं काय करायचं?

ताई,

मी नाशिकची. दिवसा जाहिरात संस्थेत नोकरी करते, रात्री कॉमिक काढते. 'मुक्कामी' नावाचं ४८ पानी कृष्णधवल कॉमिक स्वतःच्या पैशांनी छापलं. वडील एसटीत कंडक्टर होते. खेड्यात रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या गाडीतली ती गोष्ट आहे. ५०० प्रती काढल्या, एक प्रत ६२ रुपयांना पडली, किंमत २५० ठेवली. पुण्यात एका वीकेंड बाजारात दोन दिवस स्टॉल लावला. भाडं ६,००० अधिक जीएसटी. जाणं-येणं, जेवणखाण २,२०० (राहिले मैत्रिणीकडे). मागे मूळ चित्रं फ्रेम करून टांगली, प्रती खराब होऊ नयेत म्हणून पारदर्शक पिशव्यांत घालून मांडल्या. दोन्ही दिवस लोक थांबत होते. 'छान आहे', 'अरे वा, मराठीत कॉमिक!', 'असंच करत राहा.' विकल्या गेल्या १७, त्यातल्या चार मैत्रिणींनीच घेतल्या. शेजारी सुगंधी मेणबत्त्या होत्या, तिथे रांग. वडील म्हणाले, पुढच्या वेळी आपणही मेणबत्त्याच लावू.

किंमत उतरवू का? स्टिकर, कीचेन ठेवू का? बऱ्याच जणांनी 'इंग्लिशमध्ये आहे का' विचारलं, तसं काढू का? की पुरे करू? आणि नातेवाईक हक्काने फुकट प्रत मागतात त्यांना काय सांगू? एक प्रत तुम्हाला पाठवतेय.

– एक चित्रकार, नाशिक

*

प्रिय मुक्कामी,

आधी त्या पारदर्शक पिशव्या काढ. किंमत, इंग्रजी, कीचेन, सगळं त्यानंतर.

पिशवीतलं कॉमिक उघडता येत नाही. मग माणूस मुखपृष्ठ बघतो, मागच्या फ्रेमा बघतो आणि चित्रांच्या प्रदर्शनात गेल्यावर करतो तेच करतो. हात मागे बांधून मिनिटभर उभा राहतो, 'छान आहे' म्हणतो आणि पुढे सरकतो. त्यात त्याचं काही चुकलं नाही. तू त्याला बघायला बोलावलंस, त्याने बघितलं. 'छान आहे' ही आपल्याकडे सभ्यपणे काढता पाय घेण्याची रीत आहे. ते खोटं नसतं, पण त्यात खिशात हात घालायचा विचार नसतो. तुझा स्टॉल कौतुक करून निघून जाण्यासाठी इतका सोयीचा होता की लोकांनी ती सोय वापरली. मेणबत्तीवालीकडे काय होतं? झाकण उघडून वास घ्यायचा. एकदा नाकाशी नेली की माणूस आणखी दोन उघडतो, आणि तिसरी घेऊन जातो. कॉमिकचा वास म्हणजे मधलं पान. तेच तू बंद करून ठेवलंस.

पुढच्या वेळी चार प्रती वाचण्यासाठी म्हणून वेगळ्या काढ. मुखपृष्ठावर 'वाचून बघा' अशी पट्टी चिकटव आणि त्या टेबलाच्या पुढच्या कडेला, हात सहज जाईल अशा ठेव. या प्रती खराब होण्यासाठीच आहेत. बाजारात येणारा कांदाभजी खाऊन येणार, त्याने प्रत उचलली की तुझा जीव खालीवर होणार, ते तुझ्या चेहऱ्यावर दिसणार आणि तो ओशाळून प्रत खाली ठेवणार. तसं होऊ देऊ नकोस. चारही प्रती तेलकट झाल्या तरी २४८ रुपये गेले, म्हणजे एका प्रतीच्या किमतीएवढेही नाहीत.

टोकियोत कॉमिकेट नावाचा बाजार भरतो. स्वतः काढायचं, स्वतः छापायचं आणि स्वतःच टेबल मांडून विकायचं, अशा कॉमिकचा. १९७५ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा भरला तेव्हा ३२ गट आणि साधारण ७०० माणसं आली होती. आज तिथे काही लाखांची गर्दी होते. तिथल्या टेबलांवर नमुना प्रत ठेवायची पद्धत आहे. येणारा ती उचलतो, उभ्याउभ्या चाळतो, मग घेतो किंवा जागेवर ठेवतो. तो चाळत असताना विकणारा गप्प असतो. हे गप्प राहणं आपल्याला जड जातं. समोरच्याने पान उलटलं की आपण 'हे ना, मी सगळं हाताने इंकिंग केलंय' असं सुरू करतो. बिचाऱ्याला वाचता येत नाही, आणि ऐकताना मान हलवावी लागते.

तू पाठवलेली प्रत मी वाचली. पहिली सहा पानं निःशब्द आहेत: घाट, दिव्यांचा झोत, झोपलेला गाव. घरी खुर्चीत बसून वाचताना ती पानं मला फार आवडली. पण उन्हात उभ्या असलेल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल धरलेल्या माणसासाठी ती नाहीत. त्याच्यासाठी पान १९ आहे. मुक्कामाची गाडी देवळासमोर उभी आहे, कंडक्टर मागच्या सीटवर मांडी घालून दिवसाचे पैसे मोजतोय, नाण्यांच्या चळती लावतोय, मांडीवर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, उघडं आहे. सात रुपये कमी भरतात. तो चळती मोडतो, पुन्हा लावतो. पुन्हा सातच कमी. पुढच्या सीटवर तोंडावर टॉवेल घेऊन आडवा झालेला ड्रायव्हर न उठता म्हणतो, 'परत मोजून वाढणारेत का?' आणि पान संपतं. ते सात रुपये कुठे गेले हे कळायला मी पान उलटलं, इतरही उलटतील. नमुना प्रतीला तिथे क्लिप लावून ठेव, म्हणजे उचलली की तीच जागा उघडेल. हे पान मोठं करून फ्रेमांच्या जागी मागे लाव. मूळ चित्रं घरी राहू देत. त्यांना धूळ लागते, चोरीची धास्ती असते, आणि ती टांगली की स्टॉलचं पुन्हा दालन होतं.

बोलायचं तर वाक्य एवढंच: 'माझे वडील एसटीत कंडक्टर होते. मुक्कामी गाडीतल्या एका रात्रीची गोष्ट आहे.' मग प्रत हातात द्यायची आणि थांबायचं. स्वतः लिहिलं, स्वतः काढलं, स्वतः छापलं, हे सुरुवातीलाच सांगू नकोस. त्याने ऐकणाऱ्याला तुझे कष्ट दिसतात, आणि कष्ट दिसले की माणूस पाठ थोपटतो. 'मराठी कॉमिक जगवायचं आहे' हेही नको. त्या भावनेने एखादी प्रत जाते, पण दया म्हणून घेतलेलं पुस्तक घरी न वाचताच पडून राहतं. आणखी एक. एसटी म्हटलं की महाराष्ट्रात प्रत्येकाला स्वतःची मुक्कामी गाडी आठवते. एखादे आजोबा टेबलाला रेलून सांगायला लागले की वीस मिनिटं जातात आणि मागे चारजण ताटकळतात. दोन मिनिटं मनापासून ऐक, मग 'आजोबा, हे पान बघा' म्हणून प्रत पुढे कर. अशी माणसं बहुधा प्रत घेतात, कधीकधी भावासाठी दुसरीही.

मांडणीतलं बाकीचं झटपट सांगते. किंमत मोठ्या आकड्यांत लिहून ठेव. विचारली आणि जास्त निघाली तर, या भीतीने पुष्कळ लोक विचारतच नाहीत. दोनतीन प्रती उभ्या ठेव. भांड्यांच्या दुकानात ताटं उभी करायचे तारेचे स्टँड मिळतात, तेच घे. आडवं पडलेलं मुखपृष्ठ चार पावलांवरून दिसत नाही. प्रतींचा मोठा ढीग टेबलाखाली ठेव, वर दहाबारा पुरेत. यूपीआयचा क्यूआर दोन ठिकाणी लाव, पण मैदानात गर्दी वाढली की नेटवर्क बसतं, म्हणून ५० आणि १०० च्या सुट्ट्या नोटा जवळ हव्यातच. दुपारचं ऊन टेबलावर येणार असेल तर मुखपृष्ठं वाकतात, तेव्हा आयोजकांना आधीच विचार की जागा कोणत्या बाजूची आहे आणि लाउडस्पीकर कुठे आहे. स्पीकरखाली बसून कॉमिक विकता येत नाही, तिथे काहीच विकता येत नाही. आणि टेबलाशी बसून चित्र काढत राहण्याचा मोह टाळ. घोळका जमतो, व्हिडिओ निघतात, गल्ला हलत नाही.

आता पैसे. तू १७ प्रतींवरून खचली आहेस. मला तो आकडा इतका वाईट वाटत नाही. त्याच्याखालचं भाडं वाईट आहे.

एक प्रत विकली की छपाई वजा जाता तुझ्याकडे १८८ रुपये उरतात. (छपाईचे पैसे तर गेलेच, ते कशाला धरायचे, असं काहीजण म्हणतात. मी धरते, कारण दुसरी आवृत्ती त्यातूनच काढायची असते.) भाडं जीएसटीसकट ७,०८०, वरचा खर्च २,२००, एकूण ९,२८०. हा खर्च भरून निघायला ५० प्रती जायला हव्या होत्या. दोन दिवसांचे बाजाराचे सोळा तास धरले तर दर एकोणीस-वीस मिनिटांना एक. पहिलंच पुस्तक, नाव कुणाला माहीत नाही, आणि लोक फिरायला, खायला, फोटो काढायला आलेले. अशा ठिकाणी दर वीस मिनिटांना एक कॉमिक विकणं मुरलेल्या विक्रेत्यालाही अवघड आहे. आता हेच १७ एखाद्या लहान ठिकाणी गेले असते, टेबल १,५०० आणि प्रवास-जेवण १,०००, तर चौदाव्या प्रतीला खर्च निघून सगळं वजा जाता सातशेच्या आसपास हातात राहिले असते. पुस्तक तेच, विकणारी तीच, विक्रीही तेवढीच.

म्हणून पुढचा स्टॉल ठरवताना गर्दी किती हे विचारू नकोस, गर्दी कशासाठी येते ते विचार. मेणबत्त्या, कानातली, सिरॅमिकचे कप विकणाऱ्या बाजारात लोक घर सजवायला येतात. तिथलं भाडं त्या मालाला परवडतं, कारण एक बाई एका वेळी हजाराची खरेदी करते. तुझ्याकडे घेण्यासारखी वस्तू एकच, तीही माणशी एक. तिथे तू दोन दिवस चुकीच्या रांगेत उभी होतीस. 'इंग्लिशमध्ये आहे का' हा प्रश्नही त्या बाजाराचाच. मराठी वाचणारे जिथे पुस्तकं घ्यायलाच येतात तिथे तो क्वचित येतो. इंग्रजी आवृत्तीच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. 'परत मोजून वाढणारेत का' इंग्रजीत नेऊन बघ, म्हणजे किती काम आहे ते कळेल. पहिली आवृत्ती संपेपर्यंत तो विषय बंद.

मग जायचं कुठे? तुझ्या नाशिकपासून सुरू कर. जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव होतात, तिथे टेबल स्वस्त आणि येणारा वाचणारा असतो. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे जाऊन विचार, एखाद्या कार्यक्रमाच्या दिवशी दाराशी टेबल लावू द्याल का. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जो श्रोता येतो तो तुझा वाचक आहे, त्याला मुक्कामी गाडी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात जायचंच तर डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. तिथे एकटीने गाळा घेऊ नकोस. ओळखीच्या छोट्या प्रकाशकाच्या गाळ्यात वीस प्रती ठेव, तो कमिशन घेईल, घेऊ दे. साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातही हाच मार्ग. आणि दिवाळीआधीचे दोन आठवडे सोडू नकोस. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी घरात या दिवसांत छापील वाचनासाठी पैसे बाजूला निघतात. जिथे दिवाळी अंकांची टेबलं लागतात तिथे तुझी २५० ही किंमत कुणाला दचकवणार नाही, अंकही त्याच्या आगेमागेच असतात.

कॉमिकच्याच गर्दीत जायचं असेल तर दोन वाटा आहेत. कॉमिक कॉन २०११ मध्ये दिल्ली हाटात सुरू झालं, आता मुंबईतही होतं. तिथला माणूस तिकीट काढून येतो, वेशभूषा करून येतो, आणि त्याच्या पैशांचा मोठा वाटा सुपरहिरोंच्या मालावर जातो. तुझं कृष्णधवल, सावकाश चालणारं कॉमिक तिथे वाचलं जाणार नाही असं नाही, पण भाडं बघता पहिल्या वर्षी मी जाणार नाही. दुसरी वाट इंडी कॉमिक्स फेस्टची. स्वतंत्रपणे कॉमिक काढणाऱ्यांनीच २०१७ पासून वेगवेगळ्या शहरांत भरवलेला हा मेळा. तिथे आजूबाजूचं प्रत्येक टेबल तुझ्यासारखंच असतं. विक्री किती होईल सांगत नाही, पण कागद कुठला, छपाई कुठे, किंमत किती, हे तिथे एका दुपारी जेवढं कळतं तेवढं एरवी वर्षभरात कळत नाही.

आणि सगळ्यात जवळची जागा तुला सुचली कशी नाही याचं मला नवल वाटतं. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला. दर वर्षी त्या दिवशी एसटीचा वर्धापनदिन साजरा होतो. वडिलांना घेऊन डेपोत जा, आगार व्यवस्थापकांची लेखी परवानगी घे आणि त्या दिवशी स्थानकात एक टेबल मांडता येतं का बघ. कर्मचाऱ्यांना थोडी सवलत दे. वडिलांचे जुने सहकारी, निवृत्त झालेले, त्यांची मुलं यांच्यासाठी हे नुसतं कॉमिक नाहीच, त्यांचं घरचंच प्रकरण आहे. परवानगी नाही मिळाली तर निवृत्त कर्मचाऱ्यांचे मेळावे होतात, तिथे जा.

वडिलांना मेणबत्त्यांपासून परावृत्त करायचा उपायही माझ्याकडे आहे. त्यांना स्टॉलवर हिशेबाला बसव. ज्या माणसाने जन्मभर रोज रात्री वेबिल जुळवलं त्याच्याइतका चांगला हिशेबनीस तुला कुठे मिळणार? कोऱ्या कागदावर तासातासाचे रकाने आखून दे: किती जण थांबले, किती जणांनी प्रत उघडली, किती गेल्या, लोकांनी काय विचारलं. दिवसाच्या शेवटी कागद बोलायला लागतो. थांबले शंभर, उघडली पाच जणांनी, तर दोष मांडणीचा. उघडली चाळीस जणांनी, घेतली दोघांनी, तर आतल्या पानांचा किंवा किमतीचा विचार करायचा. आत्ता तुला यातलं काहीच माहीत नाही, आणि तू एकदम किंमत उतरवायला निघालीस.

किंमत उतरवू नकोस. १५० केलीस तर प्रतीमागे ८८ उरतील, म्हणजे तेवढ्याच कमाईला दुपटीहून जास्त प्रती खपवाव्या लागतील. शिवाय ज्या सतरा जणांनी २५० मोजले त्यांनी काय समजायचं? २५० ला कचरणाऱ्यासाठी वेगळी छोटी वस्तू कर. ए-फोर कागद आडवा धर, एका बाजूला आठ चौकोन आखून आठ पानांची एक पूर्ण गोष्ट काढ. झेरॉक्स काढ, उभ्या-आडव्या घड्या घालून आठ भाग पाड, मधल्या घडीवर मधल्या दोन भागांइतका काप दे आणि घडी आत दुमडत ने. पिन नको, डिंक नको, तळहाताएवढं पुस्तक तयार होतं. खर्च दोनतीन रुपये, किंमत ३०. पण त्यात 'मुक्कामी'ची जाहिरात नको, 'पुढे काय झालं ते वाचा मोठ्या पुस्तकात' असला प्रकार नको. वडिलांकडे अशा आठ पानांच्या पंधरा गोष्टी असतील: सुट्ट्या पैशांवरून भांडणारा प्रवासी, छपरावर चढवलेली शेळी, रात्री उतरलेली एकटी बाई. मागच्या बाजूला तुझं नाव आणि क्यूआर. 'छान आहे' म्हणणाऱ्याच्या हातात हे सहज पडतं, आणि घरी वाचून तो पुढच्या वेळी मोठं पुस्तक शोधत येतो.

स्टिकर-कीचेनबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. ते विकले जातात, यात शंका नाही. बऱ्याच कॉमिकवाल्यांचं भाडं त्यातूनच निघतं. पण टेबलावर वीस प्रकारचे स्टिकर आले की लोक स्टिकरच बघतात, तुझे हात सुट्टे पैसे देण्यात अडकतात आणि कॉमिक मागे सरकतं. तुला स्टिकरचं दुकान काढायचं असेल तर खुशाल काढ, त्यात कमीपणा काही नाही, फक्त ते ठरवून काढ. नाहीतर एक पोस्टकार्ड पुरे: पान १९ वरची नाण्यांची चळत. महामंडळाचं बोधचिन्ह छापून विकू नकोस, आणि दुसऱ्याची गाजलेली पात्रं काढून तर मुळीच नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त कॉमिक विकलंस तर नोंदणीची चिंता नाही. पोस्टकार्ड, स्टिकर यांवर कर आहे, पण राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. तिथवर पोचलीस तर मला पेढे पाठव. भाड्यावर भरलेले १,०८० मात्र परत मिळत नाहीत, ते खर्चातच धर. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) घेतला नसशील तर पुढच्या आवृत्तीला घे. दिल्लीच्या राजा राममोहन राय संस्थेकडून तो ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, आणि दुकानदार, वाचनालयं तो विचारतात. प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीसह आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची, असा १९५४ चा कायदा आहे. पाठवत फारसं कुणी नाही. तू पाठव. नाशिकच्या एका कंडक्टरची गोष्ट टाउन हॉलच्या पायऱ्या चढून जाईल, टपालखर्चाच्या मानाने हा सौदा वाईट नाही.

दुकानदार साधारण चाळीस टक्के कापून घेतात. २५० तले १५० तुझे, छपाई वजा जाता ८८. कमी वाटतं, पण तिथे भाडं नाही, तुला दिवसभर उभं राहायचं नाही, आणि पुस्तक रविवारनंतरही दिसतं. नाशिकमध्ये दोन, पुण्यात एक एवढीच दुकानं धर, प्रत्येकी पाच प्रती. दर महिन्याला जाऊन हिशेब विचार. न विचारता पैसे पाठवणारा दुकानदार असतो, पण तो आपल्याला भेटेलच असं नाही. उरलेले गठ्ठे पलंगाखाली फरशीवर असतील तर पावसाळ्याआधी लाकडी फळीवर चढव, भिंतीपासून चार बोटं लांब, डांबराच्या गोळ्या टाकून. कसर लागलेली प्रत वाचायलाही ठेवता येत नाही.

'पुरे करू का' याचं उत्तर मी देणार नाही. चुकीच्या बाजारात, बंद पिशवीतून, तेरा अनोळखी माणसांनी तुझं पुस्तक विकत घेतलं आहे. लहान भाड्याचे तीन-चार स्टॉल आणि वडिलांचे तेवढेच कागद हातात आले की तुझं तुलाच ठरवता येईल.

राहिले नातेवाईक. आईवडील, ज्यांनी गोष्ट सांगितली ते ड्रायव्हरकाका, आणि जिच्याकडे राहिलीस ती मैत्रीण, यांना प्रत सही करून फुकट दे. बाकी सगळ्यांना २५०. मावशी रागावेल. तिला म्हण, 'मावशी, तुझ्यासाठी पहिल्या आवृत्तीतली प्रत बाजूला ठेवलीये,' आणि त्याच निरोपाखाली क्यूआर पाठव. काका 'आम्हाला पण का?' विचारतील, तेव्हा ३० वालं छोटं पुस्तक पुढे कर. तेही विकतच.

– ताई